गुंडूचा नियम

मी दारात चपला काढत होते तेव्हा आव्वा गुंडूच्या कानात णमोकार म्हणत होत्या.

दिवेलागण होऊन गेली होती. तासगावपासून एसटीत उभी राहून आल्यामुळे पाय नुसते भरून आले होते, आणि डोक्यात तहसील कचेरीतला दिवसभराचा कलकलाट अजून चालूच होता. आव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, मागच्या गॅलरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर धुतलेला पंचा, पंच्यात गुंडू. त्याच्या एवढ्याशा कानाला ओठ लावून त्या पुटपुटत होत्या. आमच्या जैन घरात हा मंत्र उठता-बसता म्हणतात, त्याचं काही नाही. पण कानात म्हणतात तो निघालेल्या जिवाच्या.

"आव्वा, काय झालं?"

त्यांनी डोळे न उघडता हात वर केला. मंत्र पुरा केला आणि मग माझ्याकडे बघितलं.

"आलीस व्हय? आवाज करू नगस. ह्यानं आहार सोडलाय."

"सोडलाय म्हणजे?"

"कालपास्नं तोंडात काय घेतलं न्हाई. पुढं धरलं की हुंगतोय आन् खाली टाकतोय. आपल्या मनानं सोडलंय बघ, सल्लेखनाच. तुझ्या सासऱ्यांनी सोडलं तसं." त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण कौतुकही होतं. "मुक्या जनावराला एवढं कळतंय. असला शेवट माणसाला मागून मिळत न्हाई."

मी खाली बसले. गुंडूचे केस पिंजारलेले, पाठीला पोक आलेलं, हनुवटी लाळेनं ओली. मी बोट लावलं तसा तो दात करकर वाजवायला लागला. मला जनावरांतलं काही कळत नाही, पण दुखणं चेहऱ्यावर कसं दिसतं ते कळतं.

"हा मरत नाहीये आव्वा, आजारी आहे. उठा, डॉक्टरकडे नेऊ."

"आता? दिवस मावळल्यावर?"

"दवाखान्याला काय दिवस मावळायचाय?"

गुंडू आमच्याकडे कसा आला ते सांगायला हवं. माझी मुलगी सन्मती बारावीत असताना एका मैत्रिणीकडून त्याला बुटाच्या खोक्यात घालून घेऊन आली. गिनीपिग म्हणतात याला, असं तिनं कौतुकानं सांगितलं. पिग म्हणजे काय, ते आव्वांना ठाऊक होतं. बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, रोज दर्शनाला जाणाऱ्या बाईच्या घरात डुक्कर आलं म्हणून त्यांनी त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. डुक्कर नाही, उंदरासारखंच असतं ते, असं सांगून मी त्यांना शांत करायला गेले, तर ते आणखी महागात पडलं. शेवटी सन्मतीनं त्याच्या पुढ्यात हरळीची जुडी टाकली आणि तो ती कराकरा खाताना आव्वा बघत राहिल्या. हा मांस-मच्छी काही खात नाही, किडामुंगीसुद्धा नाही, नुसता पाला, असं कळल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला.

"मग ह्यो आपल्यातलाच म्हणायचा," त्या म्हणाल्या.

सन्मतीनं आणलेला पिंजरा त्यांनी दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याला दिला. जीव कोंडून ठेवायचा नाही. मागची गॅलरी अख्खी गुंडूला मिळाली आणि आमची दोरीवरची धुणी गच्चीवर गेली. पुढं सन्मती इंजिनिअरिंगला पुण्याला गेली. हॉस्टेलवर जनावर ठेवून घेत नाहीत. हौस पोरांनी करायची आणि निस्तरायचं आईनं, हा घरोघरचा रिवाज आमच्याकडेही चालू झाला. फरक एवढाच की निस्तरायला आव्वा पुढं आल्या.

त्यातच आदल्या वर्षी मामंजी गेले. भरतेश, माझा नवरा, साखर कारखान्यात केमिस्ट. गळीत हंगाम सुरू झाला की तो कारखान्याचाच. मी सकाळी जायची ती अंधार पडल्यावर यायची. म्हणजे दिवसभर घरात आव्वा आणि गुंडू. त्या त्याच्याशी बोलायच्या, त्याला रागवायच्या, दुपारी त्याच्या शेजारी चटई टाकून पडायच्या. मला हे फार सोयीचं होतं. म्हातारं माणूस एकटं पडलंय म्हणून जीव टांगणीला लागत नव्हता. गुंडू गेला तर आव्वांचं काय होईल, हा विचार मी कधी केला नव्हता. त्या संध्याकाळी रिक्षात बसल्यावर तो पहिल्यांदा आला.

रिक्षातून मी भरतेशला फोन लावला. मागं कारखान्याची घरघर.

"सरकारी दवाखान्यात नको नेऊस," तो ओरडून म्हणाला. "तिथं म्हशींचं बघतात. कॉलेज रोडला अत्तार डॉक्टर आहेत, कुत्र्या-मांजरांचं बघतात. आव्वा कुठं आहेत?"

"शेजारी बसल्यात."

"दिवस मावळल्यावर बाहेर?"

मी फोन बंद केला.

दवाखान्यात आमच्या आधी एक भलंमोठं कुत्रं होतं आणि त्याहून घाबरलेला त्याचा मालक. आव्वांनी गुंडूला पदराखाली घेतलं आणि पाठ फिरवून बसल्या. आमचा नंबर आला तसा अत्तार डॉक्टरांनी गुंडूला अलगद उचलून वजनकाट्यावर ठेवलं. पोरसवदा माणूस, पण हात फार मऊ. पोट दाबून बघितलं, कान लावून ऐकलं.

"याच्या लेंड्या कशा आहेत?"

"कालपास्नं टाकलीच न्हाई," आव्वा म्हणाल्या. "मी हिंग लावायला बघितला. बेंबी घावली न्हाई."

डॉक्टर हसले नाहीत. मला त्यांचं तिथंच बरं वाटलं.

"घरातलं काही औषध दिलंय का? माणसांचं?"

"न्हाई."

"फार चांगलं केलंत. आपल्याकडच्या साध्या गोळीनंसुद्धा हे प्राणी जातात. आता सांगा, खायला काय काय देता?"

हा प्रश्न आव्वांच्या आवडीचा निघाला. त्या सावरून बसल्या.

"सकाळी हरळी. पन हल्ली कोवळीच देते, निबार न्हाई, त्याचं तोंड नाजूक. दुपारी दूधभात. डाळ भिजवून. गाजर, मुळा, बीट न्हाई, कंदमूळ आमच्यात चालत न्हाई. एकदा ह्या माझ्या सुनंनं, उज्ज्वलानं, लसूणघास आणला, त्योबी परत पाठवला."

"लसूणघासात लसूण नसतो आज्जी."

"नाव हाय न्हवं?"

"बरं. आणि रात्री?"

"रात्री कसलं? दिवस मावळायच्या आत सगळं उचलते. गॅलरी झाडून घेते. पाण्याची वाटी तेवढी ठेवते, ती पन त्यो मुका जीव म्हणून. रात्री आमच्या घरात कोन खात न्हाई."

"आणि हा?"

"ह्यो आमच्या घरातलाच न्हवं का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या जंताच्या तक्त्याकडे बघत राहिले. खरं सांगायचं तर मलाही यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्या घरात सून म्हणून आल्यापासून सूर्य बुडाला की स्वयंपाकघराचा दिवा बंद, हे मी बघत आले. हिवाळ्यात मला उशीर व्हायचा, तेव्हा मी तासगावच्या स्टँडवर काहीतरी पोटात ढकलून यायची. आव्वांना ते ठाऊक होतं आणि त्यांना ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. ज्या नियमात माणसं मुकाट राहतात त्यात एका गिनीपिगची सोय कोण बघणार?

"आज्जी," डॉक्टर म्हणाले, "याचं पोट म्हणजे पिठाची गिरण. वरून दाणा पडत राहिला तरच चालते. माणसाला लंघन चालतं, उपास चालतो. याला नाही. हा दिवसा खातो, रात्री खातो, थोडं थोडं सारखं खातो. पोट रिकामं राहिलं की आतडी थांबतात, वारा धरतो. आणि दात बघा याचे."

त्यांनी कान तपासायचं यंत्र त्याच्या तोंडात सरकवलं आणि मला डोळा लावायला सांगितलं. आत आडवेतिडवे दात, आणि एकाचं टोक जिभेत रुतलेलं. मला बघवेना.

"हे दात जन्मभर वाढतात. वाळकं, निबार गवत चावून चावून झिजतात. तुम्ही मायेनं मऊ मऊ दिलंत, ते वाढत गेले."

"म्हंजे," आव्वांनी सावकाश विचारलं, "त्याला खायाचं हाय?"

"खायचंय की! भुकेनंच तर जीव चाललाय त्याचा. थांबा, दाखवतो."

डॉक्टरांनी आतून कोथिंबिरीची काडी आणली आणि गुंडूच्या नाकाशी धरली. मघापासून गोळा होऊन बसलेला गुंडू पुढं झेपावला. काडी तोंडात घेतली, जबडा हलवला, अंग चोरलं, आणि काडी खाली पडली. त्यानं ती परत उचलली. परत पडली.

"बघा. सोडलेलं नाही त्यानं. सुटतंय त्याच्याकडून."

आव्वा टेबलावरच्या त्या लाळेनं भिजलेल्या काडीकडे बघत उभ्या राहिल्या. डॉक्टर पुढचं सांगत होते, थोडी गुंगी देऊन दात कापावे लागतील, यात धोका असतो, सही करा. मी मान डोलवत होते, सही करत होते. आव्वा काही ऐकत नव्हत्या.

बाहेर बाकावर आम्ही बराच वेळ थांबलो. मी म्हटलं, काही होणार नाही आव्वा, हात चांगला आहे डॉक्टरांचा. त्या 'हं' म्हणाल्या. एरवी एवढ्या वेळात त्यांनी त्या कुत्र्याच्या मालकाची सात पिढ्यांची चौकशी केली असती.

गुंडूला बाहेर आणलं तेव्हा तो भिजल्या बोळ्यासारखा दिसत होता, पण डोळे उघडे होते. डॉक्टरांनी मला बारीक दळलेला चारा कोमट पाण्यात कालवून दाखवला, सुई नसलेली सिरिंज हातात दिली आणि तोंडाच्या कडेनं, जिभेच्या बाजूला, थोडं थोडं कसं सोडायचं ते शिकवलं. घाई केली तर फुफ्फुसात जातं. उताणा धरायचा नाही. दर दोन-तीन तासांनी भरवायचं. अंग गरम ठेवायचं. ढबू मिरचीची फोड रोज. वाळकं गवत कायम समोर, उचलायचं म्हणून नाही.

"दर दोन-तीन तासांनी म्हणजे रात्रीसुद्धा?" मी विचारलं.

"रात्रीसुद्धा. लेंडी पडली की समजा गिरण चालू झाली. तोवर हयगय नको."

घरी आल्यावर आव्वांनी पाय धुतले, माळ घेतली आणि त्या आपल्या खोलीत गेल्या. दार ओढून घेतलं. 'भरवू नकोस' असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि 'भरव' असंही नाही. मी स्वयंपाकघरातला दिवा लावला. इतक्या वर्षांत सूर्यास्तानंतर त्या ओट्यावर मी पहिल्यांदाच काहीतरी कालवत होते, ते गिनीपिगसाठी.

पुढचे दोन-तीन दिवस कसे गेले ते मला नीट आठवत नाही. आठवतो तो शीण. दिवसा आव्वा भरवायच्या. मी शिकवलं तसं, माझ्यापेक्षा निगुतीनं. दिवस मावळला की सिरिंज गरम पाण्यात धुऊन ओट्यावर ठेवायच्या आणि माळ घ्यायच्या. मग माझी पाळी, उजाडेपर्यंत. कारखान्यात भरतेशच्या पाळ्या चालायच्या तशा घरात आमच्या. मी गजर लावून उठायची, डोळे अर्धे मिटलेले, मांडीवर पंचा, पंच्यात गुंडू, आणि त्याच्या नाकाडावर सांडलेली हिरवी लापशी. तो गिळायचा. कधी माझ्याच अंगावर उडवायचा. लेंडी काही पडेना. सकाळी उठून परत तासगाव. निवडणुकीचं काम डोक्यावर, रजेचं नाव काढलं की साहेब असे बघायचे की जणू मी त्यांची किडनी मागितली. गिनीपिगला बरं नाही म्हणून रजा हवी, असं सांगायचा तर प्रश्नच नव्हता.

सन्मतीचा रोज फोन. "मम्मी, तो वाचेल ना?"

"तू अभ्यास कर."

"आव्वा काय म्हणतात?"

"आव्वा काही म्हणत नाहीत."

आणि ते खरं होतं. त्या बोलायच्याच बंद झाल्या होत्या. गुंडूशीसुद्धा. त्याला मांडीवर घ्यायच्या, भरवायच्या, तोंड पुसायच्या, पण पूर्वीचं ते रागावणं नाही, गप्पा नाहीत. मला वाटलं, माझ्यावर राग आहे. त्यांच्या डोळ्यांदेखत मी त्यांच्या स्वयंपाकघराचा रिवाज मोडत होते. मला त्याचंही काही वाटेनासं झालं होतं. फार दमलं की माणसाला कुणाच्या रागा-लोभाचं काही वाटत नाही, झोप तेवढी हवी असते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी येताना कवठे एकंदच्या पुढं एसटी बंद पडली. कंडक्टर म्हणाला, मागची येईल, बसा. मागची भरून आली आणि न थांबता गेली. सूर्य द्राक्षबागांच्या मागं टेकला होता. मी घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. या वेळी आव्वा माळ घेऊन बसतात आणि माळ हातात असताना घर पेटलं तरी फोन उचलत नाहीत. सिरिंज धुऊन ओट्यावर ठेवलेली असणार. दुपारी शेवटचं भरवलं असेल. आता मी पोचेपर्यंत त्याचं पोट रिकामं.

रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसून राहिले. आणि तेव्हा माझ्या मनात आलं ते आलंच: मेला तर मरू दे. एकदाचा सुटेल, मीही सुटेन. रात्री झोपेन. पण तो मेल्यावर घरात जे उरणार ते डोळ्यांसमोर आलं. आव्वा त्या रिकाम्या गॅलरीत बसलेल्या, दिवसभर कुणाशी एक शब्द न बोलता. आधी मामंजी, मग हा. त्यांना मी काय सांगणार? बस बंद पडली म्हणून? मी उठले आणि एका द्राक्षांच्या टेंपोला हात केला.

घरी पोचले तेव्हा चांगलाच अंधार पडला होता. जिना चढतानाच आमच्या स्वयंपाकघरातला दिवा लागलेला दिसला. मी घाबरले. आव्वा सूर्यास्तानंतर त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. नक्की काहीतरी झालंय, शेजारच्यांना बोलावलंय, असं वाटून मी माझ्या किल्लीनं दार उघडलं आणि चपलांसकट आत धावले.

आव्वा गॅलरीत बसल्या होत्या. मांडीवर पंचा, पंच्यात गुंडू. उजव्या हातात सिरिंज. शेजारी लापशीची वाटी. गुंडू पुढचे दोन्ही पाय सिरिंजवर ठेवून चोखत होता, आणि आव्वा हळूहळू दांडा दाबत होत्या.

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

"आलीस व्हय?" त्यांनी मान वर केली नाही. "हे बघ."

डावा तळहात पुढं केला. त्यावर दोन लेंड्या. काळ्या, लांबट, चकाकत्या. देवापुढं वाहायच्या अक्षता धराव्यात तशा त्यांनी त्या धरल्या होत्या.

मला हसू आलं. हसता हसता मी तिथंच बसले आणि मग डोळ्यांत पाणी आलं, कारण अंगात उठायचंही त्राण नव्हतं.

"कधी?"

"दिवस मावळायला. तुझी वाट बघितली. मग म्हटलं, गिरण चालू झालीय, आता कशी बंद पाडायची."

"आव्वा, पण दिवस मावळलाय."

"मला दिसतंय की. आंधळी हाय का मी?" त्यांनी सिरिंज वाटीत बुडवून भरली. "नियम माझा हाय. मी घेतलाय. ह्यानं कुठं घेतलाय? ज्यानं घ्यायचा त्यानं आपल्या तोंडानं घ्यायचा असतोय. दुसऱ्यानं लावायचा नसतोय. एवढं शिकलेसवरलेले महाराज येऊन सांगून गेले बस्तीत, मी पुढं बसून ऐकलं. मान हलवली."

गुंडूनं एक घोट घेतला. आव्वांनी त्याची हनुवटी पदरानं पुसली. 

"तुझ्या सासऱ्यांनीबी कुठं घेतला होता?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"काय म्हणालात?"

"आजारात खाणं कमी झालं त्यांचं. घास पुढं केला की नको म्हणायचे. मी म्हटलं, आहार सोडला. सगळ्यांना सांगितलं. माणसं यायला लागली. पाया पडायला लागली. केवढं पुण्य, केवढा शेवट, म्हणायला लागली. मला बी बरं वाटलं गं. जन्मभर हिशेब-ठिशेब करणारा माणूस, जाताना असा जातोय."

त्या दिवसांत मीही घरात होते. पाहुण्यांना पाणी देत होते, सतरंज्या घालत होते. मामंजींच्या खोलीत आव्वा एकट्या बसायच्या, तिथं मी फारशी जात नव्हते.

"एकदा दिवे लागल्यावर म्हणाले, चहा दे की गं थोडा."

बाहेर कुणाच्या तरी घरात टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. आव्वा रिकामी सिरिंज धरून बसल्या होत्या, भरायची विसरल्या होत्या.

"मी म्हटलं, अहो, दिवस मावळलाय. एवढी माणसं नावाजाय लागल्यात तुम्हाला. एका घोटासाठी सगळं पाण्यात घालवू नका. सकाळी करून देते. ते म्हणाले, बरं. काय भांडले न्हाईत. नुसतं बरं म्हणाले आन् भिंतीकडं तोंड केलं."

"सकाळी?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"सकाळी केला. सुंठ घालून केला. तोंडाला लावला, तो सगळा बाहेर आला."

दुसऱ्या दिवशी दुपारी मामंजी गेले, ते मला ठाऊक होतं. चहाचं ठाऊक नव्हतं. भरतेशला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं.

"आव्वा," मी म्हणाले, "त्यांना गिळता येत नसेल. याच्यासारखंच. आजारात असं होतं. तुम्ही दिला असतात तरी..."

"न्हाई." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. डोळे कोरडे होते. "ह्याला खायाचं होतं, खाता येत नव्हतं. त्यांना येत होतं. त्यांनी तोंडानं मागितलं. मी त्यांचा शेवट चांगला कराय बघत होते, आन् त्यांना चहा पाहिजे होता."

मला काहीतरी बोलायचं होतं. तसं नसतं, तुम्ही कुठं मुद्दाम केलंत, असलं काहीतरी, जे आपण सगळे बोलतो. शब्द जिभेपर्यंत आले, आणि ते खोटे आहेत हे त्यांच्या तोंडाकडे बघून कळत होतं. मी पुढं सरकून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही आणि धरलाही नाही.

मांडीवरचा गुंडू चुळबुळला. रिकाम्या सिरिंजला त्यानं नाकानं ढुशी दिली, आणि परत एकदा दिली. आव्वांनी खाली बघितलं. लापशीची संपलेली वाटी माझ्याकडे सरकवली.

"अजून थोडं कालव," त्या म्हणाल्या. "मागतोय त्यो."